वाचकांचे प्रश्न: ग्रेनडीन्स बेटं आणि छोटी शिडाची बोट

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला मार्टिनिक, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनडीन्सची बारकी बेटं आणि ग्रेनडा अशी दक्षिणोत्तर माळ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशेएक मैल. यातली बरीच नावं क्रिकेटमुळे आपल्याला पाठ असतात. शिडाच्या बोटीने या बेटांतून फिरण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बोट ३४ ते ४० फुटांची आणि माणसं चार, असं धरून उत्तरं दिली आहेत. मैल म्हणजे सगळीकडे सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा.

आम्ही दोन जोडपी. फेब्रुवारीत बारा दिवस मोकळे आहेत. सेंट लुशियाला बोट भाड्याने घेऊन ग्रेनडापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत आहे. जमेल का? (पुणे)

जाणं जमेल. परत येणं सोडून द्या आणि बोट ग्रेनडालाच ताब्यात द्या. बोट एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडली तर कंपन्या वेगळा आकार लावतात. तो खुशाल भरा, बारा दिवसांतले चार वाचतील.

कारण वाऱ्यात आहे. व्यापारी वारे इथे पूर्वेकडून किंवा ईशान्य-पूर्वेकडून वाहतात आणि बेटांची माळ दक्षिणेकडे जाताना किंचित पश्चिमेला झुकते. त्यामुळे खाली उतरताना वारा बाजूने किंवा जरा मागून मिळतो आणि बोट सुखाने पळते. वर चढताना तोच वारा तिरपा समोरून येतो, शिवाय दोन बेटांमधल्या खाडीत एक ते दीड नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) प्रवाह बोटीला पश्चिमेकडे ढकलत असतो. वीस मैलांची खाडी उतरायला साडेतीन तास पुरतात, चढायला पाच-सहा लागतात, आणि तेही अंगावर पाणी घेत.

बेत साधारण असा आखा. पहिला दिवस रॉडनी बे इथे सामान भरण्यात जाईल. दुसऱ्या दिवशी १८ मैलांवर पिटॉन डोंगरांच्या पायथ्याशी. तिसरा दिवस सगळ्यांत लांबचा: पिटॉनपासून बेक्वे बेटापर्यंत सुमारे ५० मैल. साडेपाच नॉटचा वेग धरला तर नऊ तास. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. म्हणून त्या दिवशी फटफटताच निघायचं, चहा वाटेत. बेक्वेला दोन रात्री काढा. तिथून टोबॅगो कीज ही प्रवाळांतली बारकी बेटं २५ मैल, तिथेही दोन-तीन रात्री. मग युनियन बेटावरचं क्लिफ्टन अगदी जवळ, पुढे कॅरिअकू बेटावरचा टिरेल बे दहा मैल आणि शेवटी ग्रेनडाचं सेंट जॉर्जेस ३० मैल.

या शेवटच्या टप्प्यावर ग्रेनडाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर ‘किक एम जेनी’ नावाचा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे. तो २०१५ आणि २०१७ मध्येही जागा झाला होता. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ कायम वर्ज्य असतं, इशाऱ्याची पातळी वाढली की ते पाच किलोमीटरचं होतं. टिरेल बेहून ग्रेनडाच्या पश्चिम किनाऱ्याला सरळ रेघ मारली तर ती नेमकी त्याच्या जवळून जाते. निघण्याआधी त्या दिवसाची पातळी विचारा आणि रेघ वळवा.

महिना बदलता येत असेल तर एप्रिल धरा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत वारा सगळ्यांत जोरात असतो, वीस-पंचवीस नॉट सलग आठवडाभरही चालतो. एप्रिल-मेमध्ये तो पंधरा ते अठरावर स्थिरावतो. नवख्यांसाठी हा फरक मोठा आहे.

मी मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायला शिकलो. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा, हे अंगवळणी पडलंय. तिकडे उलट असतं असं ऐकलं. खरं का? (ठाणे)

खरं आहे. जगात बोयांच्या रंगाच्या दोन पद्धती आहेत. भारत ‘अ’ विभागात येतो: समुद्रातून आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. संपूर्ण अमेरिका खंड आणि कॅरिबियन बेटं ‘ब’ विभागात: आत येताना लाल उजवीकडे. रात्रीच्या दिव्यांचे रंगही तसेच उलटतात. दिशादर्शक काळे-पिवळे बोये मात्र दोन्हीकडे सारखेच, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम सांगणारे.

मुरलेला हात इथेच फसतो, कारण तो विचार न करता वळतो. सुकाणूजवळ एक चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘आत: लाल उजवीकडे’ असं लिहून ठेवा. आणि क्लिफ्टनसारख्या खडकांनी वेढलेल्या बंदरात रात्री शिरू नका. वादळात बोये हलतात, दिवे विझतात, आणि ते पुन्हा जागेवर आले आहेत की नाही हे नकाशाला माहीत नसतं.

मुंबईच्या माणसाला आणखी एक गोष्ट चुकवेल. तिथे उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं; इथे जेमतेम अर्धा मीटर. बोट वाळूत रुतली तर ‘भरती आली की निघू’ हा हिशेब इथे चालत नाही. लगेच शीड उतरवून इंजिनावर मागे या. जमलं नाही तर डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, नांगर खोल पाण्यात नेऊन टाका आणि त्यावर बोट ओढून काढा.

टोबॅगो कीजमध्ये चार मीटर पाण्यात, स्वच्छ वाळूवर नांगर टाकला. साखळी पंधरा मीटर सोडली. संध्याकाळी बोट हलली नाही. रात्री दोनला वारा वाढला आणि बोट मागे घसरत शेजारच्या बोटीपर्यंत गेली. नांगर हलका होता का? (न्यू जर्सी)

नांगराचा दोष दिसत नाही. साखळी कमी पडली.

साखळीचं माप पाण्याच्या खोलीवर काढत नाहीत. समुद्राच्या तळापासून बोटीच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, रुळापर्यंतच्या उंचीवर काढतात. चार मीटर पाणी, त्यात भरतीचा अर्धा मीटर, आणि पाण्यापासून रुळापर्यंत सव्वा मीटर. झाले पावणेसहा. तुम्ही सोडली पंधरा, म्हणजे जेमतेम अडीच पट. मध्ये दोरी नसून पूर्ण साखळीच असेल तर साध्या वाऱ्यात किमान पाच पट हवी, म्हणजे तुमच्या जागी २९ मीटर. पंचवीस नॉटचा अंदाज असेल तर सात पट, म्हणजे चाळीस.

असं का, तर नांगर आडव्या ओढीने रुततो आणि उभ्या ओढीने सुटतो. वारा मंद असताना साखळी स्वतःच्या वजनाने तळावर लोळत असते, म्हणून नांगरावरची ओढ आडवी राहते. संध्याकाळी तुम्हाला जे स्थिर वाटलं ते साखळीच्या वजनामुळे. वारा वाढला की साखळी ताठ होऊन उचलली जाते, नांगराचा दांडा वर ओढला जातो आणि फाळ वाळूतून निसटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा दाब चौपट होतो. बारा नॉटला धरून राहिलेला नांगर चोवीसला त्याच साखळीवर धरेल, ही अपेक्षाच चुकीची.

आता क्रम. आधी जागा निवडा. फिकट आकाशी, जवळजवळ पांढरं दिसतं ती वाळू. गडद आणि कडा पुसट असलेले पट्टे म्हणजे समुद्री गवत. त्यात नांगराचा फाळ मुळांच्या जाळीवरून सरकतो. तपकिरी-पिवळसर ठिपके म्हणजे प्रवाळ. त्यावर नांगर टाकणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी टाकू नये. एका बोटीची साखळी रात्रभर फिरली तर शंभर वर्षांचं प्रवाळ भुकटी होतं.

बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून ती पूर्ण थांबू द्या. नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, पुढे नाही. बोट वाऱ्याने मागे सरकायला लागली की तिच्या वेगानेच साखळी सोडत जा. एकदम ढीग टाकला तर साखळी नांगरावरच पडून फाळात अडकते. ही चूक फार जण करतात. तीन पट सुटली की थोडं थांबून ओढ घेऊ द्या, मग उरलेली सोडा. त्यानंतर इंजिन मागे, आधी मंद, मग १५०० आणि शेवटी २००० फेऱ्यांवर अर्धा मिनिट. या वेळी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एक झाड आणि त्यामागचं घर म्हणा, एका रेषेत धरून बघत राहा. रेष मोडली की नांगर सरकतोय. साखळीवर हात ठेवला तर थरथर कळते: रुतलेल्या नांगराची साखळी ताठ आणि शांत असते, घसरणारी खडखडते.

मग चष्मा घालून पाण्यात उतरा. या पाण्यात तळ दिसतो, हे भाग्य समजा. फाळ पूर्ण गाडलेला हवा. आडवा पडलेला असेल तर पुन्हा उचलून पुन्हा टाका. दोन-तीनदा टाकावा लागण्यात कमीपणा काही नाही.

शेवटी एक दोरी. बारा मिलिमीटर जाडीची, आठ मीटर लांबीची नायलॉनची दोरी साखळीला आकडीने अडकवून तिचं दुसरं टोक नाळेवरच्या क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) बांधा, आणि ओढ दोरीवर येईपर्यंत साखळी आणखी सोडा. साखळी लांबत नाही, नायलॉन ताणलं जाऊन लांबतं. ही दोरी नसेल तर प्रत्येक झटका थेट विंडलासच्या दातांवर बसतो. विंडलास साखळी वर-खाली करण्यासाठी आहे, रात्रभर बोट धरण्यासाठी नाही. आणि तो चालवताना इंजिन सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते.

रात्रीसाठी जीपीएसचा गजर लावा. त्याचं वर्तुळ सोडलेली साखळी अधिक बोटीची लांबी एवढं ठेवा. लहान ठेवलं तर बोट नुसती झुलली तरी गजर वाजतो, लोक वैतागून तो बंद करतात आणि मग खरी घसरण होते तेव्हा झोपलेले असतात.

पिटॉनच्या पायथ्याशी नांगर टाकता येत नाही, बोयालाच बांधावं लागतं, असं कळलं. स्थानिक मुलं होडीतून येऊन दोरी धरतात, पैसे मागतात. काय करावं? (नागपूर)

तो सागरी संरक्षित भाग आहे आणि तळ किनाऱ्यापासूनच खाली कोसळतो. ग्रोस पिटॉन ७९८ मीटर उंच आहे, आणि तो उतार पाण्याखालीही तसाच जातो. नांगराला जागाच नाही. बोया घ्यायचा आणि संरक्षित क्षेत्राच्या रखवालदाराला शुल्क देऊन पावती घ्यायची.

होडीतले तरुण हा इथला धंदा आहे. मदत हवी असेल तर पैसे आधी ठरवा, काम झाल्यावर द्या; नको असेल तर हसून ‘नको’ म्हणा. मैलभर पुढे येऊन कोणी तुमच्या बोटीला होडी बांधू पाहत असेल तर ते मात्र करू देऊ नका. पूर्व कॅरिबियन डॉलर सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडा तिन्हीकडे चालतो. १९७६ पासून तो २.७० ला एक अमेरिकन डॉलर असा बांधलेला आहे. लहान नोटा जवळ ठेवा.

बोयाला बांधताना एकच दोरी डावीकडून बोयाच्या कडीतून उजवीकडे नेण्याची चूक हमखास होते. बोट झुलली की ती करवतीसारखी पुढे-मागे घासते आणि पहाटेपर्यंत तुटते. दोन वेगळ्या दोऱ्या घ्या. डावीकडची डाव्या क्लीटवरून कडीतून परत डाव्याच क्लीटला, उजवीकडची तशीच उजवीकडे. सोडतानाही डेकवरूनच सुटतात. मग पाण्यात उतरून बोयाखालची दोरी आणि तिचा तळाचा सांधा बघा. ग्रेनडीन्समध्ये खासगी माणसांनी टाकलेले बोयेही भाड्याने देतात. काहींच्या तळाशी चांगला ठोकळा असतो, काहींच्या तळाशी जुनं इंजिन. बघितल्याशिवाय कळत नाही. आणि पिटॉनच्या मधल्या खिंडीतून रात्री वाऱ्याचे धपके खाली येतात, बोट गोल फिरते. डेकवर टॉवेल वाळत ठेवू नका.

खाडी ओलांडताना शीड केव्हा कमी करायचं? सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाला वारा अजिबात नसतो म्हणतात आणि टोकाला एकदम अंगावर येतो. (मुंबई)

उंच बेटाचा आडोसा किनाऱ्यापासून तीन-चार मैल बाहेरपर्यंत पसरतो. तिथे इंजिनावर तास-दोन तास जातात. बेटाच्या टोकाशी वारा डोंगराला वळसा घालून दाटतो, आणि खाडीत पंधरा नॉट असतील तर टोकाशी बावीस-पंचवीस मिळतात. सेंट व्हिन्सेंटचं उत्तर टोक, ला सूफ्रिएर ज्वालामुखीखालचं, यात कुप्रसिद्ध आहे. भरतीचा प्रवाह वाऱ्याविरुद्ध पूर्वेकडे वाहत असेल तर लाटा उभ्या आणि आखूड होतात.

म्हणून आडोशात असतानाच, डेक सपाट आहे तेव्हाच, मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, पहिली घडी घाला. अठरा-वीस नॉटला पहिली, पंचवीसला दुसरी. क्रम महत्त्वाचा. मेनसेलची शीट (शीड ओढून धरणारी दोरी) सैल, बूम (शिडाखालची आडवी काठी) खाली ओढणारा व्हँगही सैल. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारी दोरी, खुणेपर्यंत उतरवा. शिडाच्या पुढच्या कडेची कडी डोलकाठीजवळच्या आकडीत अडकवा. हॅलयार्ड पुन्हा कडक ताणा. त्यानंतरच मागच्या कडेची घडीची दोरी ओढा, कापड बूमला टेकेपर्यंत. मग शीट. मागची दोरी आधी ओढली तर पुढची कडी आकडीपर्यंत पोचतच नाही, आणि तसंच रेटलं तर शीड त्या भोकापाशी फाटतं.

खाली उतरताना एक फसवणूक आहे. वारा मागून वीस नॉटचा, बोट सहा नॉटने त्याच दिशेने. अंगाला वारा चौदाच लागतो. बंदराकडे तोंड वळवलं की तेच वीसचे पंचवीस होतात. आकडा नेहमी खऱ्या वाऱ्याचा बघा.

पावसाळी झोत दुरून दिसतात: ढगाचा तळ काळा, खाली पावसाचा राखाडी पडदा. दहा-वीस मिनिटं तीस-पस्तीस नॉट, मग पाऊस, मग वारा पडतो. पडदा आपल्याकडे सरकतोय असं वाटलं की जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळा. उगाच गुंडाळली गेली तर पुन्हा सोडायला दोन मिनिटं लागतात.

इंजिनाचं तापमान वाढून भोंगा वाजला. आजूबाजूला पिवळं समुद्री गवत तरंगत होतं. काय झालं असावं आणि काय करायला हवं होतं? (पणजी)

ते गवत म्हणजे सारगॅसम नावाचं तरंगतं शेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणात या बेटांकडे येतं. बोटीचं डिझेल इंजिन समुद्राचं पाणी आत खेचून थंड होतं. गवत त्या वाटेत अडकतं.

आधी बोट सांभाळा. इंजिन मंद करा, जिब उघडा, खडकांपासून दूर व्हा. जागा नसेल तर नांगर टाका. मग बोटीच्या मागे वाकून धुराड्यातून पाणी पडतंय का बघा. पडत नसेल तर इंजिन बंद. गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजतो.

पाणी आत येण्याचा कॉक बंद करून गाळणीचं झाकण उघडा. गवत काढा, रबरी कडी नीट बसवा, कॉक उघडा. गाळणीत पाणी जोराने चढलं तर अडथळा गाळणीतच होता. चढलं नाही तर तो बोटीबाहेर, पाणी शिरण्याच्या भोकाशी आहे. कॉक पुन्हा बंद करा, नळी गाळणीकडून सोडवून तिच्या तोंडात डिंगीचा हवेचा पंप लावा, मग कॉक उघडून फुंका. गवत बाहेर उडतं.

गाळणी भरलेली आणि धुराडं मात्र कोरडं असेल तर इम्पेलर गेला. हे रबरी पात्यांचं चक्र पाण्यानेच वंगण घेतं. कोरडं फिरलं तर मिनिट-दोन मिनिटांत पाती वितळतात. कॉक बंद करून झाकणाचे चार-सहा स्क्रू काढा आणि चक्र ओढून काढा. पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढे उष्णता-बदलकाच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो न काढता नवं चक्र बसवलं तर भोंगा पुन्हा वाजतो. नवं चक्र ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावून, फिरण्याच्या दिशेने पिळत आत ढकला. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. नवी गॅस्केट घाला, कॉक उघडा, इंजिन सुरू करा. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर लगेच बंद करा.

बोट ताब्यात घेताना ‘जादा इम्पेलर आणि गॅस्केट कुठे आहे, दाखवा’ एवढं एक वाक्य म्हणा. दाखवता आलं नाही तर बोट घेऊ नका.

पाणी आणि जेवणाचा हिशेब सांगा. आम्ही शाकाहारी दोघे, मासे खाणारे दोघे. (रत्नागिरी)

टाकी तीनशे लिटरची धरा. माणशी दहा लिटर वापरलं तर आठवडा जेमतेम निघतो, थोडी राखीव ठेवून सहा दिवस. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून फक्त शेवटची गोड्याने विसळा. अंघोळ समुद्रात, वर दीड लिटर गोडं पाणी. प्यायचं वेगळं, माणशी तीन लिटर, आणि ते टाकीशिवाय दुसऱ्या भांड्यांत, म्हणजे टाकीची नळी फुटली तरी तहान भागते. टाकीत शंका असेल तर वास नसलेलं पाच टक्क्यांचं ब्लीच शंभर लिटरला पंधरा मिलिलिटर टाका आणि अर्धा तास थांबा.

तीन लिटरचा प्रेशर कुकर इथून न्या. गॅस वाचतो, पाणी वाचतं आणि बोट कलली तरी आतलं सांडत नाही. अर्ध्याहून जास्त भरू नका. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशी बंद करा, नुसता शेगडीवर नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बोटीच्या तळाशी साठतो.

भाजी बाजारात नीरफणस मिळेल. कोकणात जसा होतो तसाच, आणि कापंही तशीच होतात. १७९३ मध्ये विल्यम ब्लायने ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली. ‘रोटी’ मागितली तर डाळ भरलेल्या पोळीत गुंडाळलेली रस्साभाजी येते. एकोणिसाव्या शतकात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची ती देणगी. शाकाहारींनी ‘फक्त बटाटा-हरभरा’ असं स्पष्ट सांगावं.

मासे खाणाऱ्यांनी मोठा बॅराकुडा आणि खडकावरचे मोठे शिकारी मासे टाळावेत. त्यांत सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. खुल्या समुद्रात गळाला लागलेला टुना, डोराडो उत्तम. आणि किनाऱ्यावर हिरव्या लहान सफरचंदासारखी फळं दिसली तर हात लावू नका. तो मँचिनील. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात.

जूनमध्ये भाडं निम्म्यावर येतं. वादळं ऑगस्टनंतर असतात ना? (डोंबिवली)

अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. पण २०२४ मध्ये बेरिल वादळ जूनच्या अखेरीला तयार झालं आणि १ जुलैला चौथ्या श्रेणीचं होऊन कॅरिअकूवर धडकलं. कॅरिअकू आणि युनियन बेटावरची बहुतेक घरं मोडली. सुरक्षित म्हणून टिरेल बेच्या खारफुटीत बांधून ठेवलेल्या बोटीही गेल्या. ग्रेनडा वादळांच्या वाटेच्या दक्षिणेला, म्हणून सुरक्षित, हा समज तर २००४ मध्येच आयव्हनने मोडला होता.

जूनचा पहिला पंधरवडा घ्यायचाच असेल तर तीन अटी पाळा: रोज सकाळी अमेरिकेच्या वादळ केंद्राचा सात दिवसांचा अंदाज पाहा, कराराच्या कागदात नाव दिलेल्या वादळाचं नुकसान कोणाच्या माथी आहे ते वाचा, आणि विमानाचं तिकीट बदलता येणारं काढा. जुलैपासून पुढे आम्ही ‘नको’ म्हणू. युनियन आणि कॅरिअकूला पाणी, डिझेल, किराणा मिळेल असं गृहीत धरू नका. आधी विचारून घ्या.

चौघांचेही भारतीय पासपोर्ट आहेत. बेट बदललं की देश बदलतो का? (दुबई)

सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडीन्स, आणि ग्रेनडा हे तीन देश. मार्टिनिक म्हणजे फ्रान्स. साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, व्हिशावर तसा वेगळा उल्लेख लागतो. बाकीच्यांचे नियम बदलत असतात. तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळावर पाहा.

नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा चढवा आणि प्रवेशाच्या बंदरातच थांबा. एकटा कप्तान उतरतो, बाकीचे बोटीवर. सोबत बोटीची कागदपत्रं, सगळे पासपोर्ट, मागच्या देशाचा निर्गमनाचा कागद आणि माणसांची यादी. ‘सेलक्लिअर’ या संकेतस्थळावर माहिती आधी भरली की तासभर वाचतो. शनिवार-रविवार आणि कचेरीच्या वेळेनंतर जादा आकार पडतो. सेंट व्हिन्सेंटमधून बाहेर पडायचे कागद क्लिफ्टनला, ग्रेनडात शिरायचे टिरेल बेला. मध्ये पेटीट सेंट व्हिन्सेंट आणि पेटीट मार्टिनिक ही दोन बेटं अगदी समोरासमोर आहेत. पहिलं सेंट व्हिन्सेंटचं, दुसरं ग्रेनडाचं. जेवायला डिंगीतून पलीकडे गेलात तर सीमा ओलांडली.

विमानतळावर परतीचं तिकीट वेगळ्या देशातून दिसलं की अडवतात. बोटीचा करार आणि चौघांची नावं असलेलं कंपनीचं पत्र छापून जवळ ठेवा.

दोन जुळ्या तळांची कॅटॅमरान घ्यावी की साधी बोट? (कोल्हापूर)

नांगरावर झोप हवी आणि खिसा जड असेल तर कॅटॅमरान. ती लोळत नाही आणि सव्वा मीटर पाण्यातही जाते. वाऱ्याकडे चढायचं असेल किंवा शिकायचं असेल तर साधी. कॅटॅमरान कलत नाही, त्यामुळे शीड जास्त झालंय हे अंगाला कळत नाही. घडी वाऱ्याचा आकडा पाहूनच घालावी लागते.

डिंगी मागे ओढत नेली तर चालेल ना? (अलिबाग)

आडोशात चालेल. खाडीत शिरण्याआधी तिचं इंजिन काढून मोठ्या बोटीच्या कठड्यावर बसवा. मोठी लाट डिंगी उलटी करते आणि इंजिन बुडतं. नांगर टाकताना ओढदोरी अगदी आखूड करा, नाहीतर मागे घेताना ती पंख्यात गुंडाळते. रात्री डिंगी हॅलयार्डला बांधून पाण्याबाहेर, डेकच्या उंचीला उचलून ठेवा आणि पोलादी तारेने कुलूप लावा. धक्क्याला बांधतानाही कुलूप हवंच, आणि दोरी लांब ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्यांना आत शिरायला वाट राहते.